बाणाच्या टोकाशी एक भोक

पाचूबंदरात इंजिन बिघडलं तर सल्ला द्यायला चार जण धावत येतात. पण इंजिन झोपवायचं असलं की बोलावणं एकट्या पास्कललाच जायचं. झोपवायचं म्हणजे पावसाळ्यापुरतं बंद करून ठेवायचं. मे सरता सरता होड्या वर ओढल्या जातात आणि तिथून नारळी पौर्णिमेपर्यंत इंजिनाला काम नसतं. खारं वारं मात्र सुट्टी घेत नाही. ते नळ्यांत शिरतं, आट्यांत शिरतं, आणि पौर्णिमेनंतर मालक मोठ्या उत्साहाने हँडल मारायला जातो तेव्हा आतलं सगळं एकमेकांना चिकटून बसलेलं असतं. पास्कलच्या हातून असं कधी झालं नव्हतं. राळ आणि मेण एकत्र वितळवून तो लुकण करायचा, ग्रीसमध्ये भिजवलेल्या चिंध्यांचे बोळे करायचा आणि इंजिनाचं एकूण एक तोंड बंद करून टाकायचा. माणूस तसा अबोल, थोडा हेकट, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सेच्या प्रार्थनेला सगळ्यांत मागे उभा राहणारा. पण या एका बाबतीत त्याला गर्व होता, आणि तो असायला काही हरकतही नव्हती. "येक भोक ऱ्हायलं तरी इंजिन गेलंच समज," एवढंच तो म्हणायचा, आणि होडीमालक मान डोलवायचे.

पास्कलला एकच मुलगी, एलिसा. लहानपणी पोलिओ झाला आणि डावा पाय वाळला, तेव्हापासून काखेत कुबडी आली. बंदरावर अशा पोरीला काम मिळत नाही असं नाही. अंगणात बसून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलता येते. बोटं सुजतात, नखांच्या कडा खारट पाण्याने फाटतात, पण पाय लागत नाहीत. पास्कलची बायको ॲनी मासळी विकायची. तिने अशी कितीतरी बोटं पाहिली होती. एलिसा बारावी झाली त्या दिवशी पास्कलने घरात जाहीर केलं, "ही करंदीला हात लावनार नाय." कसं ते त्याला ठाऊक नव्हतं, पण बोलून तर बसला होता.

वाट निघाली ती कॉम्प्युटरची. पारनाक्याला पहिल्या मजल्यावर सुरुची मॅडमचा क्लास होता. एलिसा जिन्याच्या पायरीवर बसत, मागे सरकत, कुबडी ओढत वर जायची आणि छपाईसाठी मराठीत पानं कशी लावायची ते शिकायची. हात चपळ आणि शुद्धलेखन पक्कं. मॅडमनी तिला पापडीच्या एका छापखान्यात धाडलं. मालक दिनानाथ, मोठा सभ्य माणूस. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, गावोगावच्या सणांच्या प्रार्थनेच्या पुस्तिका, सगळं त्याच्याकडे छापायला यायचं. त्याने एलिसाचं काम पाहिलं, खूश झाला, आणि मग त्याची नजर वर गेली. छापखान्याचे कॉम्प्युटर माळ्यावर होते. माळ्यावर जायला उभी लोखंडी शिडी.

दिनानाथ खरंच ओशाळला. म्हणाला, "पोरी, घरी कॉम्प्युटर असला तर मी काम घरी पाठवीन. बारा महिने पाठवीन. पण घरी असायला हवा."

घरी कुठून असणार? नवा घ्यायचा म्हणजे निम्मी होडी घेण्यासारखं होतं. पण दैव कधी कधी उगाच हात पुढे करतं, नंतर काढून घ्यायला. वालीवच्या एका छोट्या कारखान्याचा जनरेटर पास्कलने दुरुस्त केला. मालकाकडे द्यायला रोकड नव्हती, अडगळीत पडलेला एक जुना कॉम्प्युटर होता. "चालत नाही, पण घेऊन जा," म्हणाला. पास्कलने तो पोत्यात गुंडाळला आणि रिक्षात मांडीवर घेऊन थेट स्टेशनजवळच्या विघ्नेशच्या दुकानात आणला. विघ्नेश विरारचा, पंचविशीचा, जुने कॉम्प्युटर जुळवण्यात तरबेज. त्याने डबा उघडला. आत गंज, धूळ आणि झुरळांचा संसार होता.

"काका, डबा चांगला आहे. हार्डडिस्क चालतेय, हे नशीब. बाकी सगळं म्हातारं झालंय."

मग बाकीचं सगळं हळूहळू जमवलं. हाताशी पैसे येतील तसं एकेक. मदरबोर्ड दुसऱ्या एका मेलेल्या कॉम्प्युटरातून काढला. मॉनिटर बंद पडलेल्या एका क्लासमधून आला. त्याच्या डाव्या कडेला कायमचा पिवळा पट्टा होता. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसलेली, पण एलिसाला अक्षरं बघावी लागत नव्हती. पास्कल प्रत्येक वेळी स्टुलावर बसून बघायचा. मेमरीच्या पट्टीचे पिवळे दात विघ्नेश शाळेतल्या खोडरबराने घासायचा, ते पास्कलला फार आवडलं. पुढच्या वेळी त्याने स्वतःच रबर हातात घेतला आणि इतकं निगुतीने घासलं, की विघ्नेश म्हणाला, "काका, उद्यापासून दुकानात या." हे काही एवढं अवघड प्रकरण नाही, असं पास्कलला वाटायला लागलं ते तिथून. हेही एक इंजिनच.

फ्लॉपीचं यंत्र तेवढं राहिलं. मॉनिटर घेतल्यावर त्यासाठी काही उरलं नव्हतं.

"मग केलेलं काम छापखान्यात न्यायचं कसं?" विघ्नेशने विचारलं.

"आख्खा डबा उचलून नेन! इंजिन खांद्यावर न्हेतो मी. ह्याचं कसलं वजन?"

विघ्नेश हसला. तसं पुष्कळ जण करत. छापखान्यात डबा उघडून डिस्क तिकडच्या कॉम्प्युटरला जोडली की झालं. "फ्लॉपी पुढे कधीतरी टाकू," तो म्हणाला. डबा रिक्षात ठेवताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, अगदी काळजीपोटी. "काका, तुमचं घर समुद्राच्या तोंडावर. खारी हवा याला वाईट. बोर्ड खाऊन टाकते. जपा."

हे त्याने दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्या माणसाने फार तर वरून एक फडकं टाकलं असतं. त्याने सांगितलं ते पास्कलला.

पुढच्या रविवारी ॲनी आणि एलिसा मोठ्या मिस्सेला गेल्या. पास्कल पहाटेची मिस्सा उरकून आला होता. त्याने चूल पेटवली, पत्र्याच्या एका टोपात राळ आणि मेण चढवलं आणि कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. तो काही अडाण्यासारखा तुटून पडला नाही, हे सांगायला हवं. पंख्याच्या जाळीला त्याने हात लावला नाही. पंखा आहे म्हणजे तिथून वारा खेळायला हवा, एवढं त्याला कळत होतं. मागची रिकामी खाच पत्र्याने झाकली, कडा लुकणाने भरल्या. वायरी शिरतात तिथे बोळे बसवले. मग त्याने हार्डडिस्क बाहेर काढली. एलिसाचं सगळं काम हिच्यात राहणार, हे विघ्नेशने त्याला दहादा सांगितलं होतं. जड, चौकोनी, चारी बाजूंनी बंद. बनवणाऱ्याने छान बंद केली आहे, असं मनात म्हणत त्याने ती उलटसुलट केली, आणि त्याला ते दिसलं. वर चिकटवलेल्या कागदाच्या कोपऱ्यात मोहरीएवढं एक भोक. त्याच्याकडे तोंड केलेला एक छोटा बाण आणि बाणापाशी इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं.

बाण त्याच्या ओळखीचा होता. होडीच्या इंजिनावर असे बाण असतात. ग्रीस कुठे भरायचं, बोळा कुठे मारायचा, ते दाखवायला. बनवणाऱ्याला वाचता न येणाऱ्यांची काळजी असते, म्हणून तो बाण काढतो. पास्कलने आयुष्यभर असंच मानलं होतं आणि आयुष्यभर ते खरं ठरलं होतं. त्याने काडीच्या टोकावर लुकणाचा एक थेंब घेतला, भोकावर सोडला, अंगठ्याने गुळगुळीत केला. अक्षरांवर डाग पडू दिला नाही.

एलिसा परत आली तेव्हा डबा अजून उघडाच होता. त्याने तिला एकेक जागा दाखवली. बायको बाजारातून आणलेल्या वस्तू दाखवते तशा हौसेने. एलिसा डिस्कवर वाकली आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिली.

"काय गो?"

"काय नाय," ती म्हणाली. "बरं केलंस, बाबा."

डिसेंबर लागला आणि दिनानाथने पहिलं काम पाठवलं. गावच्या देवळाच्या सणाची नऊ दिवसांची नोव्हेना, गायनं, लितानी, सगळी मिळून एक पुस्तिका. सोबत निरोप होता: हे नीट आलं तर पुढच्या सगळ्या सणांची कामं एलिसाची. ॲनीने तो निरोप शेजारीपाजारी इतक्या वेळा सांगितला की शेवटी शेजारणीच तो तिला सांगायला लागल्या. घरातल्या आल्तारासमोर, देवाच्या वेदीसमोर, मेणबत्ती लागली. घरातली एकुलती खुर्ची कॉम्प्युटरपुढे गेली आणि पास्कल जमिनीवर जेवायला लागला.

ते दिवस चांगले होते. एलिसा सकाळी न्हाऊन, केस बांधून, कचेरीत निघाल्यासारखी त्या खुर्चीत बसायची. ॲनी टोपली घेऊन निघताना दारातून म्हणायची, "मॅडम, येते." पिवळ्या पट्ट्याच्या शेजारी मराठी अक्षरं उमटत जायची. एकदा तिने बापाला बोलावून गंमत दाखवली. लितानीत प्रत्येक संताच्या नावापुढे 'आमच्यासाठी विनंती कर' असं यायचं. तिने ते एकदाच लिहिलं आणि बटण दाबून दाबून खालपर्यंत उतरवलं. पास्कल थक्क झाला, मग त्याला शंका आली.

"येकदाच लिव्हलंस? मग बाकीच्या संतांना कसं पोचनार?"

"वाचनारा वाचंल ना सगल्यांना!"

तो खूप हसला. त्याच्या हसण्याचा आवाज घरात फारसा कुणाला माहीत नव्हता.

पुस्तिका संपत आली तेव्हा डब्यातून एक बारीक आवाज यायला लागला. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. दहा होड्यांच्या गलक्यात एका इंजिनाचा खोकला ओळखणारा हा माणूस. त्याने तो आवाज ऐकला आणि त्याला काही वाटलं नाही. नवीन जुळवलेलं आहे, बसेल हळूहळू, असं तो म्हणाला. एलिसाची शेवटची चार पानं राहिली होती. त्या सकाळी तिने बटण दाबलं, आतून टक् टक् टक् असा सारखा आवाज आला आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटून थांबली. ती वाचून एलिसाने बटण बंद केलं. पुन्हा चालू केलं. तीच ओळ.

"बाबा," तिने हाक मारली. तिचा आवाज ऐकून पास्कल हातातला पाना तसाच टाकून आत आला.

त्याने डबा उचलला. अख्खा डबा उचलून नेईन, असं तो म्हणाला होताच. एलिसा बरोबर येते म्हणाली, तर त्याने नको म्हटलं. रिक्षात डबा मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखा धरून तो स्टेशनपर्यंत गेला. प्रत्येक खड्ड्याला त्याच्या तोंडून सायबाचं, म्हणजे देवाचं, नाव निघत होतं.

विघ्नेशने झाकण उघडलं आणि आधी हसलाच. "काका, हे काय, होडी केलीत की याची!" मग त्याने डिस्क काढली आणि त्याचं हसू गेलं.

"हे कोणी लावलं?"

"मी."

"इथे लिहिलंय ना, काका." विघ्नेशने बाणाशेजारच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे भोक झाकू नका. तेच लिहिलंय."

पास्कल त्या अक्षरांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बान हाय ना पन. बान दाखवतो ना."

विघ्नेशने समजावलं. डिस्क तापते, आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट लागते. गार झाली की बाहेरची हवा आत घेते. त्या भोकाच्या आत गाळणी असते, म्हणून धुळीची भीती नसते. बोलता बोलता त्याने सुईने लुकण काढायला सुरुवात केली. वरचं निघालं. पण डिस्कच्या उष्णतेने पातळ झालेलं मेण आत ओढलं गेलं होतं. त्याने डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडून पाहिली, उलटी धरून पाहिली, गार करून पाहिली. टक् टक् टक्.

"ह्याच्यामुळेच गेली?" पास्कलने विचारलं.

विघ्नेश भला मुलगा होता. "जुनी होती, काका. नाहीतरी गेली असती कदाचित."

ते 'कदाचित' पास्कलला चांगलं ऐकू आलं.

आतलं काम काढून देणारे लोक मुंबईत होते. पण त्यांचा आकडा ऐकून विघ्नेशनेच मान हलवली. पास्कल डबा तिथेच ठेवून डिस्क तेवढी खिशात घालून निघाला. पापडीला उतरून तो छापखान्यात गेला. सणाला थोडेच दिवस उरले होते. दिनानाथने ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि माळ्यावर हाक मारून पुस्तिकेच्या मूळ पानांची आपल्याकडची प्रत दुसऱ्या मुलीला द्यायला सांगितली. लागेल असं तो काही बोलला नाही. "पुढच्या वेळी बघू," म्हणाला. पास्कल चहा पिऊ शकला नाही.

घरी येऊन त्याने एलिसाला सांगितलं, "जुनी व्हती. मेली." एलिसाने मान हलवली. तिने एकही प्रश्न विचारला नाही, आणि याचंच पास्कलला बरं वाटलं. भोकाचं तिला कळलं असतं तर तिच्यापुढे उभं राहायला जागा उरली नसती, असं त्याला वाटत होतं.

पुढची वेळ आली नाही. दिनानाथने वाईट असं काहीच केलं नाही. त्याला रोजचं काम रोज हवं होतं आणि माळ्यावरची मुलगी शिडी चढत होती. दुसरी डिस्क घ्यायचं पास्कलने एकदोनदा मनात आणलं. तेवढ्यात ॲनी आजारी पडली, आणि नंतर तो विषय काढायला कुणाचंच तोंड झालं नाही. डबा विघ्नेशकडून परत आला, डिस्कविना. मॉनिटरवर ॲनीने क्रोशाचा रुमाल घातला. काही दिवसांनी त्यावर आल्तारातली छोटी मारियामाय येऊन बसली, कारण जागा तेवढीच उंच आणि सपाट होती. खुर्ची पुन्हा पास्कलला मिळाली. तो तिच्यावर बसत नसे.

मार्चमध्ये एलिसा अंगणात पाट घेऊन बसली आणि शेजारणीच्या टोपलीतली करंदी सोलायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. पास्कल बंदरावरून आला, त्याने पाहिलं, आणि तसाच माघारी फिरला. संध्याकाळपर्यंत तो घरी आला नाही. तिची चपळ बोटं तिथेही चपळच होती; बायका कौतुक करायच्या. मे येईपर्यंत नखांच्या कडा फाटल्या.

आणि मे आला. होड्या वर निघाल्या. इंजिनं झोपवायला पास्कलला बोलावणी आली. पहिलं इंजिन फर्डिनंडचं. त्याने ते हातगाडीवर घालून पास्कलच्या अंगणातच आणून ठेवलं. "तुझ्यासारखा कोन बंद करनार!" असं म्हणून तो गेला. पास्कलने चूल पेटवली. राळ विरघळली, मेण विरघळलं. त्याने काडी लुकणात बुडवली, पहिल्या तोंडापाशी नेली, आणि हात तिथेच थांबला. इतक्या वर्षांची सवय, पण हात खाली जाईना. काडीवरचं लुकण गार होऊन पांढरं पडलं.

एलिसा शेजारीच करंदी सोलत होती.

"काय झालं, बाबा?"

पास्कल इंजिनाकडे बघत बोलला. तिच्याकडे बघून त्याला ते बोलता आलं नसतं. "जुनी म्हनून नाय मेली ती डिस्क, एलिसा. मी मारली. तेवर लिव्हलं व्हतं, भोक झाकू नका म्हनून. मना वाचता नाय आलं."

करंदी सोलण्याचा आवाज थांबला नाही.

"मना म्हाईत हाय."

"विघ्नेशनं सांगितलं?"

"नाय. त्याच रविवारी वाचलं मी. तू दाखवलंस तवा."

पास्कलने मान वळवली. तिच्या मांडीवर टोपली होती, बोटं लाल झाली होती, आणि चेहऱ्यावर राग शोधूनही सापडत नव्हता. राग असता तर त्याला सोसला असता.

"वाचलंस? मग बोलली का नाय?"

"तू लावलं व्हतंस ना." एलिसाने सोललेली करंदी पाण्यात टाकली. "मना वाटलं, लिव्हनाऱ्याला खारं वारं म्हाईत नसंल."

लुकण चुलीवर तडतडायला लागलं होतं. एलिसाने कुबडीच्या टोकाने लाकूड मागे ओढलं. संध्याकाळी फर्डिनंड इंजिन न्यायला आला तेव्हा ते उघडंच होतं, आणि पास्कल त्याच्या शेजारी पाटावर बसून, जाड बोटांनी, करंदी सोलत होता.